हवा कधी काढायची

नेमगोंडा पाटलांच्या घरात 'हवा' हा शब्द शिवीसारखा वापरतात. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी त्यांच्या गावची पाणीपुरवठा संस्था आहे, नदीचं पाणी उपसून लांबच्या उसाला पोचवणारी. तिचे पंप नेमगोंडा चालवतात. नदीवरच्या पंपाचं मुख्य दुखणं एकच. पाणी खाली, पंप वर. मधल्या पाइपात कुठून तरी हवा शिरली की पंप नुसता गरगर फिरतो, पाणी काही वर येत नाही. पंपानं हवा धरली, म्हणतात त्याला. मग मोटर बंद करा, वरून बादल्यांनी पाणी ओतून पंप गळ्यापर्यंत भरा, डोक्यावरचा छोटा कॉक उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्या, आणि कॉकमधून पाण्याची धार सलग लागली की मगच बटण दाबा. घरात कुणी निष्कारण तोंड चालवायला लागलं की नेमगोंडा शांतपणे म्हणतात, "ह्यानं हवा धरलीया."

ऐश्वर्या ही त्यांची थोरली. शाळेत असल्यापासून कॉकचं काम तिच्याकडे. तिचा धाकटा भाऊ अनेकांत पाणी ओतायचा आणि त्यातलं निम्मं स्वतःच्या अंगावर घ्यायचा. ऐश्वर्या मात्र पंपाशी वाकून उभी, कॉकवर दोन बोटं, कान तिकडेच. फुसफुस संपली की ती फक्त मान हलवायची आणि नेमगोंडा बटण दाबायचे. पोरीनं मान हलवल्यावर बाप मोटर चालू करतो ह्याची गावात पुष्कळ चेष्टा झाली. नेमगोंडांनी ती कानावरून जाऊ दिली. त्यांना पोरीच्या कानाची खात्री होती. बटण मात्र त्यांनी तिच्या हातात कधी दिलं नाही. ते त्यांचं होतं.

वारणानगरला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग करून ऐश्वर्या नोकरीला लागली ती कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, जमिनीखालच्या वीजघरात. हे वीजघर काय प्रकरण आहे ते आधीच नीट सांगून टाकलेलं बरं, कारण लोक ऐकतात अर्धं आणि मत देतात पूर्ण.

वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, एक तळं आहे, खाली दरीत एक. दोन्ही बांधलेली. दोघांच्या मधे डोंगर, आणि त्या डोंगराच्या पोटात एक दालन कोरलंय, इतकं उंच की आत पाच-सहा मजली इमारत मावावी आणि वर क्रेन फिरायला जागा उरावी. बाहेरून बघणाऱ्याला झाडी दिसते आणि बोगद्याचं तोंड. तिथून गाडी आत शिरली की उतारानं बराच वेळ खालीच जाते, कानाला दडे बसतात, आणि मग एकदम दिव्यांचा लखलखाट. संध्याकाळी वरच्या तळ्याचं पाणी उभ्या भुयारातून खाली सोडायचं. ते आपल्याच वजनानं येऊन एका मोठ्या चाकावर आदळतं, चाक फिरतं, चाकाच्या दांड्यावर बसवलेला जनरेटर वीज करतो, आणि दमलेलं पाणी खालच्या तळ्यात जाऊन बसतं. दुपारी सगळं उलट. तेच चाक, तोच दांडा, फिरण्याची दिशा उलटी. जनरेटरला बाहेरून वीज दिली की तो मोटर होतो, चाक पंप होतं, आणि खालचं पाणी डोंगर चढून पुन्हा वर. पाणी तेच. रोज उतरतं, रोज चढतं. उन्हानं उडून जाईल तेवढं पावसाळ्यात भरून घ्यायचं.

आता ह्यातली गोम अशी की चढवायला वीज जास्त लागते आणि उतरताना कमी मिळते. पाचवा हिस्सा तरी वाटेत जातो. लेकीनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नेमगोंडांनी जेवण थांबवलं. शिकल्या-सवरल्या माणसांनी डोंगर पोखरून तोट्याचा धंदा मांडावा आणि त्यात आपल्या पोरीनं हातभार लावावा, हे त्यांना पचेना. त्यांनी तसं सुनावलंही. राजमती, त्यांची बायको, शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दुपारी लाइट असती तवा आपण गच्चीवरची टाकी भरून ठेवतोय का न्हाय? रात्री लाइट गेल्यावर त्येच पाणी नळाला येतंय. तवा मोटरनं किती लाइट खाल्ली म्हणून इचारलंय का कवा?"

नेमगोंडांनी पुन्हा जेवायला सुरुवात केली. मत मात्र बदललं नाही.

राजमतींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. दुपारी राज्यभरातली सौर पॅनेलं इतकी वीज ओततात की ठेवायची कुठं असा प्रश्न पडतो. दिवेलागणीला घरोघरी दिवे, मिक्सर, पंखे, टीव्ही सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. वीज काही पोत्यात भरून माळ्यावर टाकता येत नाही. म्हणून दुपारचं उरलेलं ऊन पाण्याच्या रूपानं सड्यावर नेऊन ठेवायचं, आणि अंधार पडला की उतरवून घ्यायचं. एवढंच. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

ऐश्वर्याचं तिथलं बस्तान बसलं ते तानाबाईमुळे. बोगद्याच्या तोंडाशी कॅन्टीन आहे, ते तानाबाई चालवतात. ऐश्वर्या जैनांच्या घरची, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि जमिनीखाली सूर्य कुठला बघायचा? कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर राज्यातल्या सौर विजेची पिवळी रेघ असते, दुपारी फुगलेली, मग उतरत जाणारी. ती घसरायला लागली की ऐश्वर्या डबा उघडायची. तानाबाईंचा त्या रेघेवर विश्वास नव्हता. त्या आतल्या फोनवरून विचारायच्याच, "दीस डोंगराच्या दांडाला टेकला, जेवलीस का?" तिच्याबरोबरीनं लागलेला वारणानगरचा आदर्श म्हणायचा, एवढा पैसा घालून पडदा लावला, त्यापेक्षा तानाबाईंनाच आत बसवलं असतं तर काम भागलं असतं.

ह्या कंट्रोल रूममधल्या खुर्चीवर स्वतःच्या जबाबदारीनं बसायचं तर परीक्षा द्यावी लागते. वीज करणं सोपं, पाणी आपल्या पायांनी येतं. अवघड आहे ते पंप सुरू करणं, आणि परीक्षा त्याचीच. संधी दोन. दुसऱ्यांदाही चुकलं तर कुणी नोकरीवरून काढत नाही. माणसाला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसवतात, कुठल्या दिवशी किती पाणी चढलं ह्याचे अहवाल करायला. पुष्कळांना ते बरंही वाटतं. ऐश्वर्याला नको होतं. लहानपणापासून तिनं मान हलवली आणि बटण दुसऱ्यानं दाबलं. आता तिला बटण हवं होतं.

पंप सुरू करण्यात अवघड काय, तेही ऐका. एवढं मोठं चाक पाण्यात बुडालेलं असताना मोटरनं फिरवायला गेलं, तर ती एका दमात इतकी वीज ओढेल की लांबलांबच्या गावांतले दिवे मान टाकतील. म्हणून आधी चाकाभोवतीच्या झडपा बंद करतात आणि दाबाची हवा आत सोडून चाकाभोवतीचं पाणी खाली ढकलतात. चाक हवेत मोकळं होतं. मग त्याला हळूहळू फिरवत पूर्ण वेगाला आणायचं, राज्याच्या विजेच्या तालाशी त्याचा ताल जुळला की जोडून टाकायचं, आणि त्यानंतरच हवा बाहेर सोडायची. खालचं पाणी वर येतं, चाकाला भिडतं, झडपा उघडतात, आणि पाणी डोंगर चढायला लागतं. एरवी हे सगळं संगणक करतो. परीक्षेत मात्र एकेक पायरी माणसानं द्यायची.

ऐश्वर्याला हे तोंडपाठ होतं. वहीतली आकृती ती डोळे मिटून काढू शकली असती. परीक्षेच्या दुपारी तिनं झडपा बंद केल्या, हवा आत सोडली, पडद्यावर अक्षरं आली की चाकाच्या दालनात हवा भरली. चाक फिरायला लागलं. खालून, फरशीतून, बारीक फुसफुस ऐकू आली. वेग अजून निम्म्यावर होता. आणि ऐश्वर्याच्या दोन बोटांनी हवा काढायचं बटण दाबलं.

डोक्याला पत्ता लागायच्या आत बोटांनी काम उरकलं होतं. यंत्र शहाणं, त्यानं तिथल्या तिथं सगळं तोडून स्वतःला थांबवलं. मोडलं-तुटलं काही नाही. पण आतून तपासून होईपर्यंत ते यंत्र त्या दुपारी उभं राहिलं, आणि राज्यभर विजेची वाटणी करणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्रातून फोन आला की तुम्ही घेणार होता ती वीज आता आम्ही कुठं घालायची.

फोनवर उत्तरं दिली उदयसिंहांनी. ते तिथले शिफ्टचे मुख्य. केस पिकलेले, आवाज मोठा, आणि माणसाला नावानं न बोलावता त्याच्या गावानं किंवा तालुक्यानं बोलवायची खोड. ऐश्वर्या म्हणजे शिरोळ, आदर्श म्हणजे वारणा. फोन ठेवून ते बाहेर गेले. ते ओरडले असते तर खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं असतं.

आदर्शनं तिला बाजूला घेऊन सल्ला दिला. बटणं शेजारी-शेजारी आहेत, बोट घसरलं म्हण. कोण बघायला आलंय? ऐश्वर्यानं ते ऐकून घेतलं आणि सरळ उदयसिंहांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"बोट घसरलं न्हाय, सर. आमच्याकडं पंपात हवा आली की काढतात. हात गेला."

उदयसिंहांनी चष्मा काढला. "म्हंजे काय करायचं ते तुला ठावं होतं."

"होतं."

"मग हे जास्त वाईट. ज्येला ठावं न्हाय त्येला शिकवता येतंय. हाताला कोण शिकवणार?"

 उदयसिंहांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि उद्यापासून पंप सुरू करायच्या वेळी तिनं वर बसायचं नाही असं सांगितलं. खाली जायचं, चाकापाशी. तिथं काय बघायचं, असं तिनं विचारलं.

"बघायला काय न्हाय तिथं. हुबं ऱ्हायचं."

तिला ती शिक्षा वाटली. आदर्शलाही तसंच वाटलं. त्यानं येता-जाता, हाताला दोरी बांधून नेतेस का, म्हणून पिडायला सुरुवात केली. कंट्रोल रूमपासून चाकापर्यंत लोखंडी जिने उतरत जायचं. खाली खडकाला घाम सुटल्यासारखं पाणी पाझरतं, तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास असतो, आणि माणसापेक्षा जाड पोलादी दांडा वरच्या मजल्यांतून उतरून चाकाच्या झाकणात शिरतो. ऐश्वर्या तिथं उभी राहायची. दुपारी हवा भरायला लागली की खालून तीच जुनी फुसफुस, आणि तिची बोटं शिवशिवायला लागायची. तिनं हात पाठीमागे बांधायला सुरुवात केली. आपल्याला इथं मूर्खासारखं का उभं केलंय हे तिला काही केल्या कळेना.

सुट्टीला ती घरी गेली तेव्हा सांगावं की नाही ह्याचा विचार तिनं एसटीत शिरोळपर्यंत केला. सांगायचं नाही असं ठरवलं, आणि जेवायला बसल्यावर सगळं सांगून टाकलं.

राजमतींनी लगेच व्यवहार बघितला. राजारामपुरीचं ऑफिस काय वाईट आहे? मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून. देऊळ जवळ. दिवसाउजेडी काम, दिवसाउजेडी जेवण. डोंगराच्या पोटात बसून तानाबाईच्या फोनवर किती वर्षं जेवणार? त्यात एकही शब्द खोटा नव्हता हे ऐश्वर्यालाही ठाऊक होतं. मऊ गादी पुढे केल्यावर माणसाचे पाय भरून येतात, तसं तिचं झालं. त्या क्षणी तिला वाटून गेलं की चुकले तर चुकले, बरंच होईल.

नेमगोंडांचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांनी विचारलं, "तुमचा त्यो पंप पाण्याच्या वर हाय का खाली?"

ऐश्वर्यानं सांगितलं, खाली. खालच्या तळ्याच्या पाण्यापेक्षाही पुष्कळ खोल. म्हणून तर डोंगराच्या पोटात जावं लागलं. पाणी स्वतःच त्याच्या अंगावर येऊन उभं असतं, ओढून घ्यावं लागत नाही.

"म्हंजे त्यो कवा हवाच धरत न्हाय." नेमगोंडांच्या आवाजात त्या वीजघराबद्दल पहिल्यांदाच आदर आला. सगळं आयुष्य पाण्याच्या वर बसलेल्या पंपाशी झगडण्यात गेलेला माणूस. "आन् असल्या पंपात ती माणसं मुद्दाम हवा भरत्यात?"

"भरतात."

"आन् काढतच न्हाईत?"

"काढतात की, अप्पा. वेग आल्यावर, ताल जुळल्यावर काढतात. काढल्याबिगर पाणी कसं चढंल?"

"मग काढायची हायच की." त्यांनी भाकरी मोडली. "तू वंगाळ काम न्हाय केलंस. लवकर केलंस."

 इतके दिवस ऐश्वर्या स्वतःला बजावत होती की हवेला हात लावायचा नाही, घरचं सगळं विसरायचं, शिरोळ विसरायचं. आणि हाताला ते पटत नव्हतं, कारण हाताचं म्हणणं चूक नव्हतंच. हवा काढायचीच असते. फक्त इथं ती आधी राखायची असते, काम होईपर्यंत सांभाळायची असते. शत्रू म्हणून काढायची आणि काम झालं म्हणून सोडायची, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इतकं शहाण्यासारखं बोलल्यावर नेमगोंडांनी थांबायला हवं होतं. पण त्यांनी ताकाचा घोट घेऊन वर जोडलंच की धंदा तो तोट्याचाच आहे. राजमतींनी त्यांच्याकडे बघून लेकीला म्हटलं, "हवा धरली बघ." अनेकांतला ठसका लागला.

त्यानंतर ती खाली चाकापाशी उभी राहायची ती वेगळ्या कानानं. फुसफुस आली की बोटं शिवशिवायची बंद झाली असं नाही. पण आता ती ऐकायला लागली. चाक वेग घेईपर्यंत फुसफुस चालते, मग थांबते. मग चाक फिरतं ते एका बारीक, सलग, सुक्या आवाजात, जणू कुणी लांबवर दळतंय. तो आवाज बदलत नाही, चढतो फक्त. मग वरून हवा बाहेर सोडली की एक मोठा उसासा, आणि पाणी चाकाला भिडतं तेव्हा पायाखालची फरशी एकदा खोल हुंकारते. त्या हुंकारानंतर तिचे खांदे आपोआप सैल पडायचे. हवा आत आहे तोवर जपायची, हे तिच्या अंगात मुरत गेलं. सुक्या आवाजात ओल शिरली तर ती तिला आधी कळायला लागली. उदयसिंह एकदा-दोनदा जिन्यावरून डोकावून गेले.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस कडक उन्हाचा होता. पडद्यावरची पिवळी रेघ टम्म फुगलेली. लोड डिस्पॅचचा सकाळपासून धोशा की वीज उतू चाललीय, पंप घ्या. ऐश्वर्या खुर्चीवर बसली. उदयसिंह मागे उभे. आदर्श बाजूच्या टेबलाशी, आज तोंडाला कुलूप लावून.

वीजघरात अशी दोन यंत्रं आहेत; तिनं एक नंबरचं घेतलं. झडपा बंद. हवा सोडली. हवा भरली. चाक फिरायला लागलं. बोटं टेबलावर शांत. वेग वाढत गेला, निम्मा झाला, निम्म्याच्या पुढे गेला. गेल्या वेळची जागा मागे पडली आणि आदर्शनं सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. चाकाखाली ढकललेलं पाणी कुठवर आहे ते दाखवणारा. तो जागचा हलायला नको. तो हलत होता. पाणी थोडं वर सरकायचं, मग यंत्र आणखी हवा आत सोडायचं, पाणी खाली जायचं, आणि पुन्हा वर. धोक्याची जी मर्यादा ठरवून दिली आहे तिच्या पुष्कळ आत. कुठला दिवा लागला नव्हता, कुठली घंटा वाजली नव्हती. पण दर वेळी पाणी आधीपेक्षा किंचित वर येऊन थांबत होतं.

थोडी कळ काढली असती तर वेग पूर्ण झाला असता, ताल जुळला असता, यंत्र जोडलं गेलं असतं. परीक्षा झाली असती. थांबवलं तर पंप सुरू झाला नाही, आणि परीक्षा पंप सुरू करण्याचीच होती. दुसरी आणि शेवटची. थांबवणं म्हणजे आपल्या हातानं राजारामपुरीचं तिकीट काढणं. ऐश्वर्याला हे सगळं एका दमात कळलं. तिनं आकडा पुन्हा एकदा वर सरकताना बघितला, आणि थांबवायचा हुकूम दिला. घाई न करता, ज्या क्रमानं थांबवायचं असतं त्याच क्रमानं, एकेक पायरी.

चाक मंदावत गेलं. 

"का थांबवलंस?" उदयसिंहांनी विचारलं.

"हवा टिकत न्हाय, सर. कुठनं तरी सुटतीया."

"मर्यादेच्या आत होती की."

"आत होती. पर पाणी चढत होतं."

उदयसिंह पुढे वाकले, त्यांनी तो आकडा मागचा-पुढचा काढून बघितला. बराच वेळ बघितला. तेवढ्यात फोन वाजला, तो त्यांनी उचलला, पलीकडचं ऐकलं, आणि उत्तर न देता ऐश्वर्याच्या हातात दिला. लोड डिस्पॅचचा माणूस तापलेला होता. पंप येतो म्हणून सांगितलंत आणि मागे घेतलात, हे काय चाललंय? ऐश्वर्यानं आपलं नाव सांगितलं. एक नंबरमध्ये हवा राहत नाही, म्हणून मी थांबवलं आहे, असं सांगितलं. 'मी' म्हणताना तिला क्षणभर स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. पलीकडचा म्हणाला, कारण नको, वीज कधी उचलता ते सांगा. तिनं उदयसिंहांकडे बघितलं.

ते डोक्यावर हेल्मेट चढवत होते. "एक नंबरची हवा कुठनं जातीया बघून येतो," म्हणाले. "दोन नंबर तू घे, शिरोळ." आणि दाराकडे वळले.

परीक्षा न झालेल्या माणसाला त्या खुर्चीवर एकटं सोडायचं नाही, असा तिथला नियम आहे, आणि उदयसिंह नियमाला इतके कडक की जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ते शिकाऊ माणसाच्या मागून हलत नाहीत. दार त्यांच्यामागे बंद झालं. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज खाली-खाली जात राहिला.

आदर्शला आधी उमगलं. "अगं, त्ये गेले," तो कुजबुजला.

"कळलं मला. दोन नंबरच्या झडपा बघ." मग फोनवर तिनं सांगितलं, "दोन नंबर घेते. लाइनवर थांबा."

दोन नंबरमध्ये हवा भरली आणि भरलेली राहिली. कोपऱ्यातला आकडा गाडून ठेवल्यासारखा जागच्या जागी. वेग चढत गेला. पडद्यावर ताल दाखवणारा काटा फिरत-फिरत मंद झाला, अगदी मंद झाला, वर येऊन उभा राहिला, आणि तिनं यंत्र जोडलं. मग तिनं हवा बाहेर सोडली. फरशीतून तो खोल हुंकार वर आला, स्वतः हवा सोडून तो तिनं पहिल्यांदाच ऐकला. झडपा उघडल्या. राज्यभराच्या छपरांवर आणि माळांवर पडलेलं, कुणाला नको झालेलं ऊन डोंगर चढून सड्याकडे निघालं.

"मिळालं," लोड डिस्पॅचचा माणूस म्हणाला, आता नरमून. नाव काय म्हणालात, असंही त्यानं विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं.

खालून उदयसिंहांचा फोन आला तेव्हा त्यांना मागे चाकाचा आवाज येत असणार, कारण दोन नंबर चालू झालं का हे त्यांनी विचारलंच नाही. एक नंबरच्या हवेच्या झडपेचं रबर फाटलं होतं. उद्यापर्यंत बदलून होईल. ते बदललं की पहिल्यांदा चालवून बघायचं काम कुणाचं, तेही त्यांनी सांगून टाकलं. ऐश्वर्यानं हो म्हटलं आणि फोन ठेवला. वरच्या तळ्याची पातळी दाखवणारा आकडा हळूहळू चढायला लागला होता. आदर्शनं चहा मागवू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, मागव, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली. संध्याकाळी हे सगळं पाणी उतरवून घ्यायचं होतं, आणि दिवेलागणीला अजून पुष्कळ अवकाश होता.